मन आजारी पडणे हा दोष आहे काय?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका रविवारी मनासंबंधीचा भाग वाचून झाला आणि त्यावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी शिक्षक, बोलण्याची सवय अंगवळणी पडलेली. धम्मात ईश्वराला स्थान नाही, आत्म्याला स्थान नाही, केंद्रस्थानी आहे ते मन, हे मी समजावून सांगितले. शेवटी मी असेही म्हणालो की, ज्याचे मन त्याच्या हातात नाही त्याच्या हातात काहीच नाही. वाक्य माझे मलाच आवडले. लोकांनी मान डोलावली.

सभा उठल्यावर एक वयस्क उपासिका माझी वाट पाहत दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एक इचारू का? मन ज्याच्या त्याच्या हातात असतं म्हणालासा. माझ्या पोराचं मन त्याच्या हातातनं गेलंय. मग ते त्याचं चुकलं म्हणायचं का?"

मला उत्तर देता आले नाही. 'तसे नाही हो मावशी' असे काहीतरी पुटपुटून मी सायकल काढली. परंतु त्या बाईंचा प्रश्न मला सोडीना. त्याचे कारण असे की, हाच प्रश्न अनेक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात उभा राहिला होता, आणि त्या वेळी मी त्याचे उत्तर दिले होते. ते चुकीचे होते.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. माझा थोरला भाऊ नववीतून शाळा सोडून साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला, म्हणून मी शिकू शकलो. मी बी.एड.ला असताना दादाचे वागणे बदलले. तो रात्र रात्र जागू लागला. कोणीतरी भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलत आहे असे म्हणू लागला. घरचे अन्न खाईना; त्यात काही घातले आहे असा त्याला संशय. शेजारीपाजारी म्हणाले, हे बाहेरचे आहे. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, बावीस प्रतिज्ञा आईला पाठ आहेत. तरीही आई एका रात्री दादाला घेऊन दुसऱ्या तालुक्यातील एका देवऋषीकडे गेली. लिंबू, अंगारा, उतारा सारे झाले. पैसे गेले ते वेगळेच.

मला हे कळले तेव्हा मी आईवर खूप चिडलो. बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढले त्यातच पुन्हा शिरलात, असे म्हणालो. अंगारा फेकून दिला. आणि दादाला समोर बसवून सांगितले, "मन आवर. रोज सकाळी अर्धा तास श्वासावर लक्ष दे. मनाचे खेळ आहेत सगळे." दादा बिचारा बसला. डोळे मिटले की भिंतीपलीकडचा आवाज अधिकच मोठा होतो, असे तो सांगत असे. तुझा प्रयत्न कमी पडतो, असे मी म्हणत असे. असे एक वर्ष गेले. मग एके दिवशी तो घरातून निघून गेला, आणि नवव्या दिवशी एका बस स्थानकावर सापडला तेव्हा आम्ही त्याला प्रथमच मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांनी आवाज मागे हटले. आज दादा गोळ्या घेतो, छोटी पिठाची गिरणी चालवतो, आणि हिशेबात माझ्यापेक्षा पक्का आहे.

आई चुकली ती अज्ञानाने. मी चुकलो तो विद्येच्या घमेंडीने. देवऋषी म्हणाला, याला बाधा झाली आहे. मी म्हणालो, याच्यात संयम नाही. नीट पाहिले तर देवऋषीने निदान दोष बाहेर तरी ठेवला होता. मी तो दादाच्याच माथी मारला. म्हणून मी आज विचारतो की, मन आजारी पडणे हा माणसाचा दोष आहे काय? आणि नसेल, तर मग कर्तव्य कोणाचे?

प्रथम जुन्या उत्तराचा विचार करू. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून माणूस वेडा होतो, आंधळा होतो, महार-मांगाच्या पोटी जन्मतो, असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सांगण्यात आले. हे तत्त्वज्ञान कशासाठी रचले गेले होते ते बाबासाहेबांनी उघड करून दाखविले. दुःखिताच्या दुःखाचा भार त्याच्यावरच टाकला की समाज मोकळा होतो. खुद्द भगवान बुद्धांनीही हे मत नाकारले होते. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले होते की, माणूस जे जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, देहाची आबाळ, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणे मोजून दाखविली, आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे अनुभवालाही सोडून बोलतात, असे बजावले. रोगाला कारणे असतात, ती शोधता येतात आणि त्यांवर उपाय करता येतो. प्रतीत्यसमुत्पादाचा रोजच्या व्यवहारातील अर्थ याहून वेगळा काय असणार?

आता नव्या उत्तराकडे वळू. हे उत्तर आपण शिकलेली माणसे देतो. मनोविकार म्हणजे दुबळे मन, विपश्यना केली की सारे ठीक होते, शील पाळणाऱ्याला असले काही होत नाही, अशी वाक्ये मी विहारांतून ऐकली आहेत आणि स्वतः उच्चारलीही आहेत. हे उत्तर जुन्याच उत्तराने नवे कपडे घालून यावे तसे आहे. पूर्वजन्माच्या पापाच्या जागी या जन्मीचा आळस आला, एवढाच फरक.

धम्मात मनाच्या रोगाविषयी पुष्कळ सांगितले आहे हे खरे. रोग दोन प्रकारचे, एक शरीराचा व एक मनाचा. शरीराच्या रोगापासून वर्षानुवर्षे मुक्त राहिलेली माणसे आढळतात, परंतु मनाच्या रोगापासून क्षणभरही मुक्त असलेला, आसव क्षीण झालेल्या अर्हताखेरीज, आढळणे कठीण, असे अंगुत्तर निकायातील एका सुत्तात म्हटले आहे. परंतु तेथे मनाचा रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह. हा रोग तुम्हा-आम्हा सर्वांना आहे. दादाला झालेला आजार हा नव्हे. माझ्या दादात द्वेष माझ्यापेक्षा अधिक नव्हता. त्याच्या मेंदूचे काम बिघडले होते. या दोन गोष्टींची गल्लत केली की, ज्याला औषध हवे त्याला आपण उपदेश देतो. ध्यानाचे मोल मी कमी मानीत नाही. पण दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांच्या नियमावलीतच गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरात बसू नये असे सांगितलेले असते. जे ध्यान शिकवितात त्यांना ही मर्यादा कळते. ऐकीव ज्ञानावर सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्याला ती कळली नव्हती.

शिवाय आपण हे विसरतो की, भिक्षूच्या चार आवश्यक वस्तूंत चीवर, भिक्षा व निवारा यांच्या बरोबरीने औषधाला स्थान दिले आहे. जीवक वैद्य संघावर उपचार करीत असे. स्वतः तथागतांनी त्याच्या हातचे औषध घेतले. ज्यांचे मन पूर्णपणे जागृत होते त्यांना औषध घेण्यात कमीपणा वाटला नाही. आणि आपल्याला मात्र गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे वाटते!

विनयपिटकातील गग्ग भिक्षूची हकीकत तर प्रत्येक विहारात सांगितली पाहिजे. या भिक्षूला वेड लागले होते. कधी त्याला उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. नियमाप्रमाणे सर्व भिक्षू हजर असल्याखेरीज उपोसथ होऊ शकत नव्हता. मग संघाने काय करावे? त्याला हाकलावे काय? की बांधून आणावे? तथागतांनी या दोहोंपैकी काहीच सांगितले नाही. संघाने ठराव करावा, की गग्ग येवो वा न येवो, त्याला आठवो वा न आठवो, त्याच्यासह अथवा त्याच्याशिवाय झालेला उपोसथ वैध आहे. तो संघातच राहिला. पुढे तो बरा झाला. तेव्हा वेडाच्या भरात केलेल्या गोष्टींवरून काही भिक्षू त्याला पुन्हा पुन्हा दोष देऊ लागले. मला काही आठवत नाही, असे तो सांगे, तरी ते ऐकेनात. तेव्हा बुद्धांनी संघाकरवी त्याला 'अमूढविनय' देवविला. म्हणजे, हा मनुष्य आता शुद्धीवर आहे, त्या काळातील कृत्यांचा ठपका त्याच्यावर ठेवता येणार नाही, असा निर्णय. विनयाच्या नियमांतही उन्मत्त अवस्थेतील भिक्षूला आपत्ती लागत नाही, असे वारंवार येते.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी धम्माने वेड आणि दोष यांची फारकत केली. आणि बरे झालेल्या माणसाला 'पूर्वीचा वेडा' म्हणून हिणविणे हाच अपराध आहे, असे ठरविले. आपल्या वस्तीत बरे झालेल्या माणसाला नोकरी मिळत नाही, मुलगी मिळत नाही, त्याचा शब्द कोणी धरीत नाही. म्हणजे या बाबतीत आपण अजून गग्गला दोष देणाऱ्या भिक्षूंच्या रांगेत उभे आहोत.

येथे कोणी शंका घेईल, की आजारी माणसाला दोष नाही म्हटले तर शीलाचे काय होणार? प्रत्येक जण 'माझे मन आजारी आहे' म्हणून जबाबदारी टाळील. शंका रास्त आहे. दारूचेच उदाहरण घ्या. पाचवे शील मोडणाऱ्याला आजारी म्हणून सोडून द्यायचे काय? माझे म्हणणे असे की, दोष आणि दायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह झाला यात रोग्याचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. परंतु रोग कळल्यावर गोळी घेणे, पथ्य पाळणे हे त्याचे दायित्व आहे. दारू सुरू करताना माणूस शील मोडतो. पण व्यसन जडल्यावर नुसत्या शपथेने ती सुटत नाही, तेथे उपचारच लागतो, आणि उपचाराला जाणे हे त्याचे शीलपालनच होय. मनोविकारात मात्र एक अडचण अधिक असते. ज्या मनाने आजार ओळखायचा तेच मन दुखावलेले असते. माझ्या दादाला तो आजारी आहे हेच पटत नव्हते. म्हणून येथे दायित्वाचा मोठा वाटा शुद्धीवर असलेल्यांकडे येतो: घरच्यांकडे, संघाकडे, शासनाकडे. रोग्याचा दोष कमी झाला म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही. ती आपल्या खांद्यावर येते. आपल्याला 'दुबळे मन' म्हणणे इतके का आवडते, याचे कारण हेच असावे. तसे म्हटले की खांदे मोकळे राहतात.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मनाच्या सर्वच जखमा आजारातून होत नाहीत. काही अन्यायातून होतात. आपला सातारा जिल्हा हे कधी विसरू शकत नाही. १९०१ साली साताऱ्यात राहणारा लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला होता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर ही महाराची मुले आहेत असे कळताच गाडीवान मिळेना, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. त्या प्रवासाची खूण मनावर कायमची राहिली, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आणि २०२५च्या ऑक्टोबरात आपल्याच फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण महिला डॉक्टरने, छळाचे गंभीर आरोप मागे ठेवून, जीवन संपविले. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. न्यायनिवाडा न्यायालय करील. परंतु त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर 'मनाने कच्ची होती' असे शब्द मी ऐकले. इतरांचे प्राण वाचविण्यासाठी शिकलेली मुलगी, आणि तिच्यावर शेवटी हा शेरा! कोणत्याही आत्महत्येचे कारण एकच नसते. तरीही जेथे अन्यायाचा आरोप आहे तेथे मनाकडे बोट दाखवून अन्यायावर पांघरूण घालू नये. आणि अन्याय आहे म्हणून त्या घायाळ मनाला उपचार नाकारूही नयेत. न्याय आणि उपचार दोन्ही लागतात.

आता उपचार मिळतात का ते पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्याचे कारण नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचारच मिळत नव्हते. मनोविकारावरील पहिले प्रभावी आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या चार वर्षे आधी. औषध येऊन सत्तर वर्षे उलटली, तरी ते वस्तीपर्यंत पोचलेले नाही.

का पोचले नाही? फलटणहून साताऱ्याला किंवा पुण्याला रोग्याला नेऊन आणायचे म्हणजे दिवस मोडतो, दोन माणसांची मजुरी बुडते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची गोळी तर हंगामातच तुटते. त्यात लाज आहेच. क्षयाच्या डॉक्टरकडे जाताना लपावे लागत नाही. मनाच्या डॉक्टरकडे जाताना तोंड लपवावे लागते. देवऋषी मात्र जवळ असतो, रात्री भेटतो, घटकाभर ऐकून घेतो. आईला मी रागावलो, पण तिचे म्हणणे ऐकून घेणारा त्या वेळी तोच एक होता, हे मला आज मान्य करावे लागते. मग देवऋषी बरोबर होता काय? मुळीच नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांच्या घरच्यांनीही त्यांना बरे होण्यासाठीच तेथे आणले होते.

कायदा आता आपल्या बाजूने आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९१२च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, आणि बेघर माणसाला सरकारी ठिकाणी उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. रोग्याला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, असे हा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यापासून लपवू नये. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोचविणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरविला आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांनी साताऱ्यात उभी केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम करते. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून, त्यांच्या घरी पोचविणारे डॉ. भरत वाटवानी यांचे काम कर्जतला चालते; २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे रस्ता आहे. त्या रस्त्यापर्यंत हाताला धरून नेणारा माणूस हवा आहे.

तो माणूस विहारातून का निघू नये? यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली, प्रत्येक विहारात दोन उपासक-उपासिकांनी हे काम अंगावर घ्यावे. झोप उडणे, माणसांत न मिसळणे, कारण नसताना संशय, कानात आवाज येणे, मरणाच्या गोष्टी बोलणे अशी लक्षणे कोणाच्या घरी दिसली तर तेथे जावे, ऐकून घ्यावे, उपदेश करू नये आणि उपचाराला सोबत जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर केव्हा व कोठे भेटतात याची चौकशी करून ती माहिती फळ्यावर लिहावी. १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस' दूरध्वनी क्रमांक त्याच फळ्यावर असावा. तो ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस, विनामूल्य चालू आहे आणि मराठीतून बोलता येते.

दुसरी, गोळ्या बंद पडू देऊ नयेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले की रोगी गोळी सोडतो, हे मी घरी पाहिले आहे. औषध डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करायचे नाही. विहाराच्या निधीतून एखाद्या गरीब रोग्याचे एसटीचे भाडे निघाले तर ते दान पुतळ्याच्या रंगकामापेक्षा कमी पुण्याचे नाही.

तिसरी, १० ऑक्टोबर हा जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ऑक्टोबर हा आपल्या धम्मदीक्षेचा दिवस. या चार दिवसांत एक सायंकाळ प्रत्येक विहाराने या विषयासाठी ठेवावी. डॉक्टरला बोलवावे, आणि त्याच्या शेजारी बरे झालेल्या माणसाला बसवावे.

धम्मांतर म्हणजे केवळ देव बदलणे नव्हे, हे आपण नेहमी म्हणतो. देवऋषीकडचा अंगारा फेकून देणे मला सोपे गेले. अंगारा फेकल्यावर आईच्या रिकाम्या झालेल्या हातात काय द्यायचे, हे मला कळले नव्हते. तेथे मी उपदेश दिला. द्यायला हवी होती ती सोबत.

त्या उपासिकेच्या घरी मी पुढच्या रविवारी गेलो. दादाला बरोबर नेले होते. मी काही बोलायच्या आधी दादाच त्या मुलाशेजारी बसला आणि म्हणाला, "मलाबी आवाज यायचं." मुलाने पहिल्यांदा मान वर केली. सध्या तो उपचार घेत आहे; बरा होईल की नाही, किती होईल, हे आज सांगता येत नाही. पण त्याच्या आईला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले आहे: "नाही मावशी, त्याचं काही चुकलं नाही. त्या दिवशी विहारात बोलताना माझंच चुकलं."